नवाकोरा खोका

हाशिम मुकादम नव्या व्हिडिओ गेमला खोबरेल तेल चोळत बसला होता, आणि त्याची बायको महमुदा त्याच गेमच्या रिकाम्या खोक्यावरची धूळ मलमलच्या फडक्याने टिपत होती. आखातात, मआमीरच्या त्या दोन खोल्यांत त्या वेळी कुणी डोकावलं असतं, तर दोघांनाही खूळ लागलंय म्हणून परत फिरलं असतं. पण तसं काही नव्हतं. दोघं अगदी शुद्धीवर होती आणि एकाच कामाला लागली होती.

गेम होता रत्नागिरीच्या अर्सलानसाठी. अर्सलान म्हणजे महमुदाच्या थोरल्या बहिणीचा, ताहेराचा मुलगा. आणि खरं सांगायचं तर प्रश्न अर्सलानचा नव्हताच, ताहेराचा होता. गेल्या सुट्टीत हाशिमने तिच्यासाठी मिक्सर नेला होता. मुंबईच्या विमानतळावर वस्तू नवी दिसली की कस्टमवाले ड्युटी लावणार, म्हणून त्याने तो खोक्यातून काढला, जुन्या लुंगीत गुंडाळला आणि साहेबाला सांगितलं, "घरात वापरातला हाय साहेब." साहेबाने सोडला. ताहेराने नाही सोडला. चार बायकांसमोर मिक्सर उलटासुलटा करून ती म्हणाली, "बरा हाय गो. वापरलेला असला तरी फिरतो."

हे वाक्य महमुदाने असं काही मनाला लावून घेतलं की विचारू नका. वर्षभर मिक्सर हा शब्द घरात काढायची सोय राहिली नाही.

"यंदा आपाच्या हातात वस्तू पडेल ती खोक्यासकट," तिने बजावलं होतं. "थर्माकोलसकट. नायतर तुम्ही एकटे जा, मी येत नाय."

आता आली का पंचाईत! कस्टमला वस्तू जुनी हवी आणि मेव्हणीला नवी. पण हाशिम सित्र्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होता. माल इकडून तिकडे करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याने तोड काढली. गेम आपण उघडा न्यायचा, जुना म्हणून. खोका न्यायचा नझीरने. नझीर त्याच्या कंपनीतला, गावही शेजारचं, आणि त्याची सुट्टी आठ दिवस आधी सुरू होत होती. रिकाम्या खोक्याला कुठली आलीय ड्युटी? रत्नागिरीत पोचल्यावर गेम खोक्यात घालायचा आणि खोका ताहेराच्या हातात. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

फक्त गेम जुना दिसायला हवा होता. त्या बाबतीत शब्द चाले तो रहिमतुल्लाचाचांचा. सित्र्याच्या कंपनी बसमध्ये त्यांची पुढची सीट ठरलेली, आणि कस्टमच्या साहेबांना ते चेहऱ्यावरून ओळखतात असा त्यांचा लौकिक. चाचा घरी आले, त्यांनी चष्मा लावला आणि गेमकडे बघून मान हलवली.

"हाशिम, हा तर नवरदेव बसलाय! साहेब बघूनच हसेल."

"तेल लावलंय चाचा. तारेच्या चोथ्यानं घासलाय पण."

"नुसतं तोंड काळं करून माणूस म्हातारा होतो काय? वापर त्याला. वापर!"

तेव्हा हाशिम नाइलाजाने खेळायला बसला. नाइलाज पहिल्या दिवशी होता. तिसऱ्या दिवशी पडद्यावरचा टिचभर माणूस खड्ड्यावरून उडी मारी, तेव्हा त्याच्याबरोबर हाशिमही सोफ्यावर उडत होता. जेवणाचं ताट पुढ्यात निवायला लागलं.

"अहो, तुम्ही त्याला म्हातारा करताय का तुम्ही पोरगे होताय?" महमुदाने विचारलं.

"तुझ्या बहिणीसाठीच करतोय ना!" हाशिम पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

इकडे महमुदा खोक्याची सरबराई करत होती. खोका पलंगाच्या उशाकडे, पंख्याच्या वाऱ्याला. थर्माकोलचे दोन्ही तुकडे, गेमला गुंडाळलेली पिशवी, वायरींना बांधलेल्या पिळाच्या तारा, सगळं जिथल्या तिथे. नझीर न्यायला आला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, घडी करून द्या. बॅगेच्या तळाशी बसेल."

"घडी?" महमुदाने खोका पोटाशी धरला. "एकदा घडी पडली की खोका काय न रद्दी काय! असाच हातात न्या."

"न ही पांढरी पुडी कसली?"

"मना ठाऊक नाय. खाऊ नका असं लिहिलंय. पण राहू द्या आत. आपा सगळं मोजून घेते."

नझीर बिचारा हवेने भरलेला खोका छातीशी धरून विमानात चढला.

दुसऱ्या दिवशी रहिमतुल्लाचाचा पुन्हा तपासणीला आले. तेल मुरलं होतं, चरे पडले होते, बटणांवरची अक्षरं पुसट झाली होती. चाचा खूश झाले. मग त्यांनी गेम नाकाशी नेला.

"वास! वास नवा हाय की रे! प्लास्टिकचा. साहेबाचं नाक लय तिखट."

झालं. गेमची रवानगी स्वयंपाकघरात, शेगडीजवळच्या फळीवर झाली. तिथे त्याने दोन वेळा सुरमईचा धूर खाल्ला आणि तो खरोखरच घरच्यासारखा वास मारू लागला. तिसऱ्या वेळेला महमुदाने कुकरमध्ये डाळ लावली. कुकरची शिट्टी बरेच दिवस कुरकुरत होती. तिने नेमका तोच मुहूर्त साधला. फुस्स करून पिवळंधमक वरण फळीपर्यंत उडालं आणि गेमच्या सगळ्या फटींतून आत गेलं.

हाशिमने पुसला, उलटा टांगला, पंख्याखाली ठेवला. बटण दाबलं. टिचभर माणूस काही आला नाही.

"खलास," हाशिम म्हणाला.

"गॅरंटी असते ना हो? तुम्हीच बोललात," महमुदाचा आवाज रडवेला झाला होता. "पाच दिवसांत जायचंय आपल्याला."

गॅरंटी होती. हाशिम टॅक्सी करून मनामाला दुकानात गेला. काउंटरवरच्या केरळी सेल्समनने गेम हातात घेतला, हुंगला आणि हाशिमकडे बघितलं.

"भाईसाब, ये कितने साल पुराना है?"

"पिछले महिने तुमसेच लिया. ये देखो बिल."

सेल्समनने बिल बघितलं, गेम बघितला, पुन्हा बिल बघितलं. एका महिन्यात एवढं वार्धक्य त्याने पाहिलं नसावं. पण माणूस भला होता. "ठीक है. कंपनी को भेजेगा, नया मिलेगा. लेकिन ओरिजिनल पॅकिंग मंगता. खोका, थर्माकोल, पन्नी, सब. पॅकिंग मफी, तो गॅरंटी मफी. वो नहीं, तो ये भी नहीं."

आपल्या स्टोअरच्या खिडकीत बसून हाशिमने हेच वाक्य किती जणांना ऐकवलं होतं! आज पहिल्यांदा त्याला ते वाक्य फार वाईट वाटलं.

घरी येऊन त्याने ताबडतोब गावाला नझीरच्या घरी फोन लावला.

"हाशिमभाय! तुमचं काम तर कवाच झालं," नझीर खुशीत होता.

"कसलं काम?"

"खोका हो. ताहेराभाभींच्या दारावरूनच रिक्षा जात होती, म्हटलं देऊनच टाकावा. कस्टमवाल्यानं उघडला, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं न हात जोडून सोडला. मी परत मस्त बंद केला. चारी बाजूंनी टेप मारली."

"अरे, पण काय सांगून दिलास?"

"सांगायचं काय त्यात? हाशिमभायनी पाठवलाय बोललो. चहा प्यायलो न निघालो."

हाशिमने रिसीव्हर ठेवला आणि सगळं सांगितलं. महमुदा मटकन खाली बसली.

"मिक्सर निदान वापरलेला तरी होता हो! आता सगळ्या मोहल्ल्यात बोलेल, बहिणीनं यंदा हवा पाठवली म्हणून." आणि ती खरोखरच रडली. हाशिमलाही भरून आलं. गंमत करता करता बायकोचं माहेर तोडून बसलो, असं त्याला वाटायला लागलं.

सांगून टाकलेलं बरं, असं शेवटी दोघांचं ठरलं. महमुदाने बिस्मिल्ला म्हणून नंबर फिरवला. हाशिम रिसीव्हरला कान लावून उभा राहिला. तशी गरज नव्हती. ताहेराचा आवाज अर्ध्या मआमीरला गेला असता.

"महमुदा! अगो, तुलाच फोन करणार होते!"

"आपा, तो खोका..."

"काय देखणा गो! सील पण तशीच! सगळ्या बायका येऊन बघून गेल्या."

महमुदाने हाशिमकडे बघितलं. "तू... उघडला नाय?"

"उघडीन कशी? उघडला की जुना झाला! कपाटावर ठेवलाय, वर जाळीचा रुमाल टाकून. अर्सलानला बोलले, हात लावलास तर हात मोडीन."

"आपा, हलका नाय वाटला तुला?" महमुदाच्या तोंडून निघून गेलं.

ताहेरा खदखदून हसली. "भारीतला माल हलकाच असतो गो! तो तुझा मिक्सर केवढा जड होता!"

'सांग, सांग' म्हणून हाशिम हातवारे करू लागला. महमुदाने श्वास घेतला. "आपा, माझं ऐक..."

"आधी तू माझं ऐक. गेल्या साली चार बायकांसमोर मी बोलले, ते तुला लागलं असेल. माझी जीभच मेली तशी. यंदा त्याच चौघींना बोलावलं न सांगितलं, माझ्या बहिणीसारखी बहीण शोधून दाखवा."

महमुदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पदर तोंडाला लावला, हाशिमकडे पाठ केली आणि म्हणाली, "सांभाळून ठेव हां, आपा. ऊन लागू देऊ नको."

"नायच लागू देणार! आता अर्सलान दहावी पास झाला की त्याच दिवशी उघडणार, सगळ्यांसमोर. दोनदा नापास झाला मेला, पण यंदा शिकवणी लावलीय. तू दुवा कर."

महमुदाने फोन ठेवला. तेवढ्यात तिसऱ्या प्रहरची, असरची अजान झाली. महमुदाने मुसल्ला अंथरला, नमाज पढली आणि नंतर कितीतरी वेळ हात पसरून बसली. हाशिम दारात उभा राहून वाट बघत होता.

"अर्सलानसाठी दुवा मागितलीस?"

"मागितली."

"पास होऊ दे म्हणून?"

महमुदाने मुसल्ल्याची घडी केली. "ते अल्ला न माझ्यात राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."