जावयाचं दगडफूल

आंघोळ करून वामनराव सासरच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर आले आणि जागच्या जागी खिळले. काल संध्याकाळी टीपकागदावर वाळत घातलेलं दगडफूल नाहीसं झालं होतं. टीपकागद तेवढे नीट घडी घालून ठेवलेले होते. खाली उखळ वाजत होतं.

ते ओल्या केसांनीच खाली धावले. सासूबाई, म्हणजे रुखमाबाई, लालभडक मसाला चाळत बसल्या होत्या.

"या जवाईबापू! झाला मसाला. सासूसाठी दगडफूल घेऊन येनारा जवाई म्या तं आजवर पायला नाई. मिरच्या उचलाले वर गेली तं तुमचं ते कागदावर दिसलं. डोये भरून आले माहे!"

"छान... छान झालं," वामनराव म्हणाले. सासरी जावयाला याहून वेगळं काही बोलायची सोय नसते.

वामनराव नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते, पण हंगामी. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे प्रोफेसरसाहेबांच्या हातात होतं. सुट्टीत ते सासरी मेहकरला आले, लोणारच्या तळ्याचा उतार उतरले आणि तिथल्या एका काळ्या दगडावर त्यांना हे दगडफूल मिळालं. आता, आपण ज्याला दगडफूल म्हणतो ते फूल नव्हेच. एक बुरशी आणि एक शेवाळ यांचा तो संसार. बुरशीने घर बांधायचं आणि पाणी धरून ठेवायचं, शेवाळाने उन्हावर दोघांचं अन्न करायचं. पानासारख्या दगडफुलांच्या या प्रजातीत जात ओळखायची ती फार बारीक खुणांवरून: खालची बाजू काळी की फिकी, मुळांसारखे तंतू कडेपर्यंत पोचतात की आधीच थांबतात, कडेला केस आहेत की नाहीत.

वामनरावांच्या दगडफुलाला कडेने काळे केस होते. आणि प्रोफेसरसाहेबांच्या पुस्तकात स्पष्ट छापलं होतं की केसाळ जात थंड डोंगर सोडून खाली उतरत नाही. वऱ्हाडाच्या उन्हात तर नाहीच नाही. साहेबांच्या पुस्तकाविरुद्ध पुरावा सापडला तर तो निदान साहेबांना कळवू नये, एवढंही व्यवहारज्ञान वामनरावांना नव्हतं. त्यांनी आनंदाने तारेने कळवलं. उलट तार आली : 'येत आहे. नमुना कोणास दाखवू नये.' साहेब खामगावपर्यंत आगगाडीने आणि तिथून आज दुपारच्या मोटारीने येणार होते.

वामनरावांनी बायकोला परसात गाठलं. "आशा, माझी नोकरी कुटली गं तुझ्या आईने!"

सगळं ऐकून आशाबाईंचाही चेहरा उतरला. "पन मायले सांगू नका हो. जीवाले लावून घेईन. वर्षभर मसाल्याले हात लावनार नाई ते."

"मग साहेबांना काय दाखवू? चाळणी?"

"माय आयाबायाइले मसाल्याचा वानोळा वाटून राह्यली. एखांदं पान राह्यलं असंन त्याच्यात. मी पाहून येतो."

आशाबाई गल्ली पालथी घालून परतल्या. पान कुठेच नव्हतं. होती ती फक्त वामनरावांची कीर्ती. जावई असावा तर असा, म्हणून शेजारच्या तानुबाईंनी तर आपल्या जावयाला दोन शब्द सुनावलेही होते.

वामनराव भिंग घेऊन बाजारात पळाले. सईदच्या किराणा दुकानात दगडफुलाचं पोतं होतं. ते एकेक पान भिंगाखाली धरू लागले. कडा सगळ्या गुळगुळीत. एकालाही केस नाही.

"जवाईसाब," सईद बराच वेळ पाहून म्हणाला, "लोक सोनंबी इतकं पारखून नाई घेत. अन तुमची सासू तं सांगून गेली, आता दुकानातलं नको म्हनून!"

एवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. वामनराव भिंग खिशात टाकून तिकडे धावले.

प्रोफेसरसाहेब उतरले ते घामाघूम आणि गंभीर. "कुठे आहे?" हाच पहिला प्रश्न. वामनराव म्हणाले, "आधी जेवण." साहेब कसेबसे पाटावर बसले. वांग्याचा रस्सा आला. त्यांनी घास हातात धरून पुन्हा विचारलं, "नमुना?"

वामनरावांचा धीर सुटला. "साहेब, तुमच्या वाटीत आहे तो. मसाल्यात कुटला गेला."

वाढता वाढता रुखमाबाईंचा हात थांबला. आशाबाईंनी डोळे मिटले.

"सगळा?" साहेबांनी विचारलं.

"सगळा."

"एक तुकडाही नाही? आणखी कोणी पाहिला?"

"कोणीच नाही साहेब."

साहेबांनी डोळे पुसले. दुःखाने की तिखटाने, ते वामनरावांना कळेना. मग साहेबांनी वाटी उचलून रस्सा पिऊन टाकला आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"वामनराव, मनाला लावून घेऊ नका. शास्त्रात पुरावा नाही म्हणजे गोष्ट नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, ती आहे तशीच छापायला जाऊ द्या. आणि तुमच्या कायम होण्याचं, गेल्या गेल्या मी लिहितो. वाढा हो बाई!"

वामनरावांचा जीव भांड्यात पडला. पण रुखमाबाई वाढायला तिथे होत्या कुठे? त्या आतून आल्या त्या मूठ झाकून, रडवेल्या तोंडाने.

"काऊन बोलले नाई जवाईबापू? तुमचं पयलंवयलं आनलेलं, म्हनून एक पान देवापाशी ठेवलं व्हतं म्या. घ्या सायेब, यालेच पाहाले आले नं तुमी?"

ताटाशेजारी चांगलं तळहाताएवढं पान पडलं. काळे केस भिंगाशिवायही दिसत होते. वामनराव पानाकडे पाहत राहिले. सकाळपासून ते ज्याच्यासाठी तडफडले, ते आता दिसू नये म्हणून त्यांनी देवाला हात जोडले; पण देवानेच तर ते परत पाठवलं होतं.

साहेबांनी पान उलटंसुलटं पाहिलं. "हे बाजारातलं असावं," ते हळूच म्हणाले. "नाही का, वामनराव?"



"बाजारातलं?" रुखमाबाई कडाडल्या. "माह्या जवायानं लोनारच्या दगडावरून खरवडून आनलं हाये!"

साहेबांनी पान भातात कुस्करलं, वर रस्सा ओतला आणि डोळे मिटून खाऊन टाकलं.

"अवं माय! असं कच्चं नाई खात ते!"

"उत्तम आहे," साहेब कसंबसं गिळत म्हणाले. "आणखी... आणखी आहे का कुठे?"

"हाय नं!" रुखमाबाईंचा चेहरा खुलला. "लोनारचा उतार भरला हाये सारा. उद्या टोपलंभर धाडतो नागपूरले. कॉलेजातल्या समद्या मास्तराइले वाटा!"

साहेबांनी पाणी मागितलं.