धाकट्या सरकारांच्या कोरड्या अंगाची बखर

श्री. न्हाणीघराच्या उंबऱ्यास नमन, तांब्याघंगाळास नमन, आणि जिचे हात पाण्यात राहून राहून भेगाळले त्या माउलीस सर्वांआधी नमन. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहून काढावे ऐसी साहेबांची आज्ञा जाहली, म्हणोन लेखणी हाती घेतली. लेखक थकला आहे, ज्यांचे वर्तमान लिहितो ते त्याहून थकले आहेत, तरी आज्ञा मोडवत नाही. राज्याचे नाव लिहिण्याची परवानगी नाही. चौथ्या मजल्यावर तीन खोल्यांचे राज्य, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस न्हाणीघर, आणि त्यात गिझर नामे उष्णोदकाचे यंत्र. राजे मुकुंदराव, त्यांची राणी मृण्मयीबाई, राजांच्या मातुश्री थोरल्या आईसाहेब कुमुदिनीबाई, आणि राजांच्या धाकट्या भगिनी शर्वरीबाई, ज्या घरी बसूनच आपली कचेरी चालवीत. हे सर्व नावाचे मानकरी. खरा अंमल धाकट्या सरकारांचा, म्हणजे कन्या नीरजाराजे यांचा, वय वर्षे पावणेदोन.

त्या साली थंडी लवकर पडली आणि धाकट्या सरकारांचे अंग कोरडे पडले. आधी गाल खरखरीत जाहले, मग कोपर, मग गुडघ्यांमागील लवणी लालबुंद जाहल्या, आणि सरकार बसल्या जागी खाजवू लागल्या. इतके सोसले असते. परंतु राणीसाहेब दिवसभर कचेरी करून संध्याकाळी परतत तेव्हा जिन्यात चप्पल वाजली की जी लेक धावत येऊन गळ्यात पडे, ती आता दारातच उभी राहून अंग चोरू लागली. राणीसाहेब उचलावयास गेल्या की "नको, नको" म्हणोन हात ढकलून देई आणि रडे. दिवसभरात ती एकच मिठी राणीसाहेबांच्या वाट्याची होती, आणि तीच गेली. हे दुःख त्यांनी कोणास सांगितले नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडिला, तोंड धुतले आणि भाजी चिरावयास बसल्या.

मग राणीसाहेबांनी मोहीम काढिली. दुकानोदुकानी फिरोन बाटल्या पाहिल्या. प्रत्येक बाटलीवर एक हिरवे पान आणि एक हसरे बाळ, आणि वरती ठळक अक्षरी 'नैसर्गिक' ऐसे लिहिलेले, आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत अर्ध्या विश्वाची यादी. दिव्याखाली बाटली तिरकी धरून राणीसाहेब ती यादी वाचीत, मागील गिऱ्हाईक खाकरे, तरी हलत नसत. आणि एक नेम त्यांनी स्वतःस घालून घेतला. राजाच्या ताटातला घास आधी दुसऱ्याने चाखावा ऐसा जो जुना रिवाज, तो त्यांनी साबणास लाविला. कोणतीही बाटली घरी आली की आधी आपल्या मनगटावर व कोपराच्या आतल्या बाजूस दोन दिवस लावून पाहावी, आग जाहली तर बाटली बाद, न जाहली तर लेकीस लावावी. ऐशा नऊ बाटल्या जाहल्या. पाच बाद जाहल्या, आणि त्या पाचांच्या खुणा बाह्यांखाली राहिल्या. लांब बाह्यांचे दिवस होते, कोणी पाहिले नाही.

घरातील मानकऱ्यांची मते निराळी होती. थोरल्या आईसाहेब म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी होती का ही बाटल्यांची फौज? डाळीचं पीठ आणि साय, संपला विषय. मुकुंदाला मी तसंच वाढवलं."

"आई, तिचं अंग सोलवटलंय हो. पीठ नका घासू."

"बरं बाई, तू म्हणशील तसं," ऐसे आईसाहेब बोलिल्या. हे 'बरं बाई' किती दिवस टिकते हे जाणत्यांस ठाऊक आहे.

शर्वरीबाईंनी आपली एक केशरी बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "वहिनी, हे बघ. संत्र्याच्या सालीचा अर्क आणि तुळस. सगळं झाडापासून."

"शर्वरी, मिरचीसुद्धा झाडालाच लागते."

"तू ना, कशावरच विश्वास ठेवत नाहीस."

राजे मुकुंदराव घरातील तंट्यांत भिंतीकडे पाहात असत, तैसे पाहिले. मग राणीसाहेबांनी हुकूम काढिला की आपण पसंत केलेल्या बाटलीवाचून दुसरे काही धाकट्या सरकारांच्या अंगास लागता कामा नये, आणि सर्वांनी माना डोलाविल्या, आणि राणीसाहेबांस वाटले की बंदोबस्त जाहला. परंतु अंग बरे होईना. बाटली बदलावी, चार दिवस वाट पाहावी, गाल पुन्हा तडतडावे, पुन्हा दुसरी बाटली आणावी. रात्री जेवताना राणीसाहेबांचा घास हातात राहावा आणि डोळा लागावा ऐसे होऊ लागले. आपणच काही चुकीचे निवडितो आहो, आपणांस आपले मूल सांभाळता येत नाही, ऐसे त्यांचे मन त्यांस खाऊ लागले.

शेवटी बालवैद्या देवस्थळीबाई यांचेकडे जावे ऐसे ठरले. आणि जावे तर सर्वांनीच, कारण मागे राहावयास कोणी तयार होईना. एक रिक्षा पुरली नाही, दोन केल्या. राणीसाहेबांनी नऊही बाटल्या पिशवीत घालून नेल्या होत्या, त्या मेजावर ओळीने मांडिल्या. देवस्थळीबाई वयोवृद्ध, हजारो पोरांचे रडणे ऐकून कान निबर जाहलेल्या. त्यांनी बाटल्यांकडे पाहिले नाही. सरकारांच्या पाठीवरून बोट फिरविले, गुडघ्यांमागे पाहिले आणि कागद ओढून विचारिले, "आंघोळ किती वेळा?"

"एकदाच," राणीसाहेब म्हणाल्या. "सकाळी, मी निघायच्या आधी."

आईसाहेबांनी पदर सारखा केला. "म्हणजे ती तशी एकदाच. पण ही घाईघाईत दोन तांबे ओतते, ती काय आंघोळ झाली? म्हणून दहा वाजता मी नीट घालते. कडकडीत पाणी, थोडंसं पीठ. पण एकदाच हं."

"आई! दहाला तू घालतेस?" शर्वरीबाई खुर्चीतून उठल्या. "मग चारला मी कशाला घालते? मला वाटायचं तुझ्या स्वैपाकामुळे तिला पिठाचा वास येतो."

मग सर्वांचे डोळे राजांकडे वळले. राजे भिंतीवरील लसींच्या तक्त्याकडे पाहात होते. "मी आपला सहाला," ते म्हणाले, "टबात. फेस करून. तिला आवडतं. हसते."

"सहाला?" राणीसाहेब म्हणाल्या. "मी साडेसहाला येते, मुकुंद."

"हो. तू यायच्या आधी आवरून ठेवतो. तुझा ताण नको म्हणून."

तेव्हा राणीसाहेबांस उमगले की आपण दारात पाऊल टाकितो तेव्हा लेक चौथ्यांदा फेसातून निघालेली असते आणि तिचे सर्वांग चुरचुरत असते, आणि ती आपणांस ढकलीत नव्हती, आपल्या हाताच्या स्पर्शास भीत होती. देवस्थळीबाईंनी लेखणी खाली ठेविली.

"म्हणजे चार," त्या म्हणाल्या. "बाटली बदलून काय होणार होतं? दिवसाला एक आंघोळ, पाच मिनिटं, कोमट पाणी. घासणं बंद. या ओळीतली बिनवासाची, बिनफेसाची एक ठेवा, आणि तीसुद्धा जिथे मळलं असेल तिथेच. पंच्यानं टिपायचं, पुसायचं नाही. अंग ओलसर आहे तोवर हे साधं मलम लावायचं, आणि संध्याकाळी परत एकदा नुसतंच मलम."

"आणि नैसर्गिकचं काय?" शर्वरीबाईंनी हळूच विचारिले.

"पाणी नैसर्गिकच आहे, बाळ. तेच जास्त झालंय."

परतताना राणीसाहेबांस आधी राग आला, मग रागही थकला. नऊ बाटल्यांवरील बारीक अक्षरे आपण वाचिली आणि घरातील तीन माणसांस एकदाही विचारिले नाही, याची लाज मात्र राहिली. घरी पोहोचताच नवा पेच उभा राहिला. स्नान एक आणि घालणारे चार. हुकूम काढणे राणीसाहेबांच्या हाती होते आणि तो मान आपल्याकडे ठेवावा हे त्यांच्या मनात पक्के होते. परंतु आईसाहेब डाळीच्या पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि डब्याकडे पाहूनच म्हणाल्या, "मला एवढंच येतं गं तिचं करायला. बाकी मोबाइलमधली गाणी, गोष्टी, ते तुम्हाला येतं."

राणीसाहेब त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आई, दहाची आंघोळ तुमची. पीठ मात्र नाही. आणि पाणी कोपर बुडवून बघायचं."

"आणि तू?"

"मी संध्याकाळचं मलम लावीन."

त्या रात्री डाळीच्या पिठाचे पिठले जाहले आणि सर्वांनी मुकाट्याने खाल्ले. केशरी बाटली शर्वरीबाईंनी स्वतःच्या अंगास लाविली आणि दोन दिवसांनी तीही गॅलरीतील फरशी धुवावयास दिली. राजे सहा वाजता रिकाम्या टबात लेकीस बसवून तिजपुढे प्लास्टिकचे बदक नाचवू लागले, पाण्यावाचून, आणि लेक तरीही हसली. याचे राजांस बहुत नवल वाटले.

बाराव्या दिवशी राणीसाहेब जिना चढून आल्या. चप्पल वाजली. आतून पावले धावत आली, आणि दोन हात त्यांच्या गुडघ्यांस घट्ट बिलगले. राणीसाहेबांनी पिशवी तशीच टाकिली, लेकीस उचलिले आणि तो मऊ पडलेला गाल आपल्या गालास लावून दारातच उभ्या राहिल्या. शेजारचे जिन्यातून गेले, वाट मागोन गेले, तरी त्या हलल्या नाहीत. मग हातपाय धुवून, बाह्या वर करून, मलमाची डबी घेऊन जमिनीवर बसल्या आणि लेकीच्या पोटरीस मलम लावू लागल्या. लेकीने त्यांच्या उघड्या हाताकडे पाहिले. पाच बाद बाटल्यांचे लाल चट्टे आणि बोटांच्या भेगा, सर्व दिव्याखाली उघडे पडले होते.

"आई बाऊ," लेक म्हणाली. आणि डबीत बोट बुडवून, जीभ बाहेर काढून, आईच्या मनगटावर मलमाचा एक ठिपका ठेविला.

आईसाहेब स्वैपाकघराच्या दारात आल्या त्या तिथेच थबकल्या. "अगं, हे काय हात करून घेतलेस?"

"काही नाही आई. तिला लावायच्या आधी बाटल्या लावून बघत होते."

आईसाहेबांनी गॅस बंद केला, खाली बसल्या, सुनेचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि एकेका भेगेत मलम भरू लागल्या. राणीसाहेबांनी हात सोडवून घेतले नाहीत. कित्येक महिन्यांत प्रथमच त्यांचे हात स्वस्थ पडून राहिले, आणि त्या रडल्या, आणि लेक त्यांच्या दुसऱ्या मनगटावर ठिपके देत राहिली.

येथवर वर्तमान. तात्पर्य काढावे ऐसी आज्ञा होती, तरी लेखकास इतकेच सुचते की त्या राज्यात प्रेम उणे नव्हते, फार जाहले होते आणि एकमेकांस न सांगता जाहले होते. नऊ बाटल्यांपैकी एक न्हाणीघरातील फळीवर आहे, आठ गेल्या. मलमाच्या डब्या मात्र आता दोन आणतात, एक धाकट्या सरकारांची आणि एक राणीसाहेबांची. लेखक थकला, लेखणी पुसून ठेविली, इति.