सगुणेने आकाशात दिवा वाढविला त्याची हकीकत

श्री. जो अग्नी चुलीत तोच गगनात, त्यास दंडवत. शके एकोणीसशे एक्याण्णव, वैशाख शुद्ध पंचमी, सूर्य कासराभर वर आला असता समुद्रकाठच्या एका राज्यातून अग्निबाण उडाला. बाणाचे टोकी सगुणा साळवी एकटी बसली होती आणि खाली यंत्रशाळेत बाणाचा वेग वाचावयास तिची मातोश्री काशीताई बसली होती. शाळेचे मुख्य भास्करपंत यांणी अगोदरच विनविले होते, "ताई, आज दुसरा कोणी वाचील. आईचा आवाज कापतो." तेव्हां काशीताई बोलिल्या, "आवाज कापला तरी आकडा कापत नाही, पंत," आणि जागच्या हालल्या नाहीत.

बाणाचा कायदा ऐसा जे, खालचे इंजिन काम सरताच शांत व्हावे, त्याची टाकी गळोन पडावी आणि मग वरचे पेटावे. तेही इंधन संपेतो जाळू नये. वेग सेकंदास सात दशांश आठ किलोमीटर भरला की थांबवावे. निमिषभर आधी थांबले तर बाण समुद्रात येतो, निमिषभर उशीर जाहला तर घरची वाट सुटोन दूर जातो, आणि टाकी कोरडी पडली तर पंप उधळोन फुटतो, म्हणोन तळाशी दोन बोटे इंधन राखावे, समईत तेल राखितात तैसे. हे सर्व यंत्र आपले आपण करीत असे. त्या दिवशी खालचे इंजिन नीट शांत जाहले आणि टाकी गळाली आणि वरचे पेटले आणि मग सगुणेचा आवाज आला, "आई, इथला वेगाचा काटा खिळलाय. यंत्र थांबवणार नाही. मी हाताने थांबवते, तू सांग." पंत हळूच म्हणाले, "सात आठ भरताच 'बंद' म्हणा. ठरलेला शब्द तोच." मग काशीताई वाचू लागल्या, सात पाच, सात सहा, सात सात. आणि सात आठ भरले, तों तो शब्द ओठी येईना. त्यांच्या धन्याचे काळीज थांबले तेव्हां डॉक्टरांनी हाच शब्द उच्चारिला होता. तेव्हां काशीताईंचे मुखातून निजतेवेळचा घरचा शब्द निघाला, "दिवा वाढव, बाळे." पंतांचा चेहरा उतरला. म्हणाले, "वाढव? अहो ताई, ती आग वाढवील." मग वरून आवाज आला, "वाढवला, आई. तळाशी दोन बोटे आहे. माझी पेन्सिल तरंगतेय बघ." काशीताईंनी पडद्यावर पाहिले, आकडा जागी स्थिर होता, आणि तोच त्यांणी पुन्हा एकवार वाचोन दाखविला, सात आठ.

तिसरे दिवशी सगुणा सुखरूप उतरली आणि काशीताईंनी तिजवरून भाकरतुकडा ओवाळिला. लेक हसोन बोलिली, "आणि मी खरंच वाढवला असता तर?" मातोश्री म्हणाल्या, "ज्योतीला विझव म्हणत नाहीत, वाढव म्हणतात, हे ठाऊक नसलेली माझी लेक कशी असेल गं?" पंतांनी काशीताईंस बोल लाविला नाही. कायद्यात एक ओळ मात्र घातली, की जो वर बसेल त्यास घरी दिवा कोणत्या शब्दाने निजवितात, ते अगोदर पुसावे आणि तोच शब्द ठरवावा.

एवंच विस्तव वेळेवर शांत जाहला आणि लेक घरास आली. राज्यात त्या दिवसापासून 'बंद' हा शब्द दारांपुरता उरला.