चिंचेखालचा टोल

"आपल्या शाळेला आग लागली ना मॅडम, तर मुंगीसुद्धा रांगेत बाहेर पडेल!" वाल्मीक सरांनी मुख्याध्यापिकांना छातीठोकपणे सांगितलं.

"शुभ बोला हो, सर!" म्हणत सुवर्णा मॅडमनी कपाळाला हात लावला.

देवळाली कॅम्पातल्या त्या शाळेत सर भूगोल शिकवत. यंदा सुरक्षेची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली होती आणि त्यांनी ती हारासारखी मिरवली होती. स्वतःसाठी हिरवंगार चमकणारं जाकीट आणलं, गच्चीवर विजेचा भोंगा बसवला, मैदानात चुन्याचं हे एवढं वर्तुळ आखलं. भोंगा वाजला की दप्तरं जागेवर सोडायची, हात डोक्यावर घ्यायचे आणि वर्तुळात येऊन उभं राहायचं. पोरांनी सगळं घोकून ठेवलं होतं. तशी पोरं धीटच! पलीकडे तोफांचा सराव सुरू झाला की वर्गाच्या खिडक्या थरथरतात, पण पाढा म्हणणारा पोरगा पाढ्यात चुकत नाही.

सगळं कसं नियमाप्रमाणे झालं होतं. राहिला होता फक्त टोल.

टोल म्हणजे मैदानाच्या कडेला चिंचेच्या फांदीला साखळीने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. सर याच शाळेत शिकले होते आणि सातवीत टोल द्यायचा मान त्यांच्याकडे होता. एक ठोका म्हणजे तास संपला, दोन म्हणजे मधली सुट्टी, आणि न थांबता घणघणाट म्हणजे शाळा सुटली! तो घणघणाट करताना अख्खी शाळा आपण आपल्या हाताने मोकळी सोडतोय असं वाटायचं. घरी जाऊन जेवायला बसलं तरी तळहात झिणझिणत असायचा. आजही शिपाई लताबाई हातोडी घेऊन निघाल्या की सरांची बोटं टेबलावर आपसूक वाजायला लागत.

आणि नेमका तोच टोल तपासणीला आलेल्या जयराम देवरे साहेबांच्या डोळ्यांत खुपला. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू औषधालाही नव्हतं.

"हे काय लटकतंय?"

"टोल, साहेब."

"एवढं लोखंड पोरांच्या डोक्यावर? आजच्या आज उतरवा. भंगारात द्या!" मग त्यांनी गेटाबाहेर चिंचा-बोरं घेऊन बसलेल्या कुसाबाईकडे लांबूनच पेन रोखलं. "आणि ते उघड्यावरचं खाणं? बंद!"

सरांनी मनाशी बेत केला. सराव झकास करून दाखवायचा, साहेब खूश झाले की टोलासाठी शब्द टाकायचा. टोल वाचवायचा तेवढा एकच रस्ता होता.

"साहेब, आधी आमचा सराव तर बघा!" असं म्हणून सरांनी ऐटीत भोंग्याचं बटण दाबलं.

भोंगा गप्प! पुन्हा दाबलं. तरी गप्प!

"सर, लाइट गेलीये," लताबाई व्हरांड्यातून ओरडल्या. "तो बिचारा भोंगा तरी काय करंल?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. सरांना दरदरून घाम फुटला.

"लताबाई, टोल द्या!"

"आत्ता? कसा देऊ?"

"जोरात! मी सांगेपर्यंत थांबायचं नाही!"

"बघा बरं का, सर..."

"द्या म्हणतो ना!"

लताबाईंनी पदर खोचला आणि टोल बडवायला घेतला. घण घण घण घण! क्षणभर शाळा चिडीचूप झाली. आणि मग असा काही गिल्ला उठला की चिंचेवरचे पोपट उडून गेले. शाळा सुटली!

दप्तरं जागेवर? शाळा सुटल्यावर दप्तर कोण जागेवर सोडतं! हात डोक्यावर? हातात डबे होते! पोरांचा लोंढा वर्तुळ तुडवत, चुना उधळत थेट गेटाकडे निघाला.

"अरे थांबा! आग लागलीये!" सर किंचाळले.

"हो सर! उद्या भेटू, सर!" सहावीतला सनी पळता पळता ओरडला.

पोरांचं एक वेळ समजू शकतं. निकिता मॅडम फळा पुसून, पर्स खांद्याला अडकवून निघाल्या होत्या. सुवर्णा मॅडम कपाटाला कुलूप घालत होत्या. "आज दिवस कसा भुर्रकन गेला नाही?" त्या म्हणाल्या आणि सरांचं जाकीट बघून मटकन खाली बसल्या.

साहेब तर कुठे दिसेचनात!

सरांनी हेल्मेट चढवलं आणि स्कूटरला किक मारली. बाजारात, बसस्टॉपवर, सायकलच्या दुकानापाशी, जिथे गणवेश दिसेल तिथे "शाळेत चला, सराव आहे!" असा पुकारा सुरू केला. पाचवीतली पायल तर घरी जाऊन पिठलं-भाकरी खायला बसली होती. "सर, आग कुठं लागली?" तिच्या आईने विचारलं. "कुठेच नाही, ताई!" सर म्हणाले. पण हिरवं जाकीट घालून घाबराघुबरा फिरणारा माणूस "कुठेच नाही" म्हणतो, यावर कोण विश्वास ठेवणार? सर पोरांचा तांडा हाकत परतले, तेव्हा मागून निम्मा बाजार पाण्याच्या बादल्या घेऊन येत होता!

गेटापाशी येऊन सर थबकले. कुसाबाईच्या टोपलीपुढे साहेब उकिडवे बसले होते. गाल फुगलेला, बोटांना तिखट-मीठ.

"लय वर्सांनी आला हा जयराम," कुसाबाई म्हणाली. "शाळा सुटली का पयला हाच यायचा माझ्याकडं. आज बी पयलाच!"

साहेबांनी चिंचोका तोंडातून काढून मुठीत लपवला. "म्हणजे काय झालं, सर... टोल ऐकला आणि पायच निघाले हो."

पुढे ते चिंचेखाली येऊन बराच वेळ टोलाकडे बघत उभे राहिले. "मला फार वाटायचं, एकदा तरी टोल द्यायला मिळावा. पण ते काम हुशार पोरांचं. आमच्या नशिबी कुठलं!"

सरांना एकदम भरून आलं. आपण तो घणघणाट करत होतो तेव्हा कुणीतरी असं लांबून बघत असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

साहेबांनी पेन काढून टोलाबद्दलचा शेरा खोडला. "साखळी नवी घाला, भोवती कठडा करा. टोल राहू द्या." मग जरा लाजत म्हणाले, "मी एक देऊ का?"

सरांनी लताबाईंकडून हातोडी घेऊन त्यांच्या हातात ठेवली. "एकच हं, साहेब. एक म्हणजे तास संपला."

सुवर्णा मॅडम पोरांना मोजूनमापून वर्गात बसवून नुकत्याच टेकल्या होत्या.

साहेबांनी एक ठोका दिला. त्यांचे डोळे आपोआप मिटले. मग दुसरा दिला. मग तिसरा.

"साहेब! अहो साहेब!!"

पण साहेब आता सातवीत पोचले होते. घण घण घण घण! वर्गांची दारं धडाधड उघडली, पुन्हा तोच गिल्ला, पुन्हा तीच दप्तरं! पोरं गेली, निकिता मॅडम गेल्या, हातोडी टाकून साहेबही लोंढ्यात दिसेनासे झाले.

मैदान रिकामं झालं आणि तेवढ्यात लाइट आली. गच्चीवरचा भोंगा जिवाच्या आकांताने बोंबलू लागला.

वाल्मीक सरांनी मुकाट्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि उरल्यासुरल्या वर्तुळात जाऊन एकटेच उभे राहिले.