सलोमीबाई पाय धुतात

सलोमीबाई देवाच्या घरात वजरी घेऊन येतात. एका हातात पवित्र शास्त्र, दुसऱ्या हातात पाय घासायची वजरी. आमच्या मेनोनाईट मंडळीत प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांचे पाय धुवायची रीत आहे. प्रभूने शिष्यांचे धुतले म्हणून आम्हीही धुतो. बायका बायकांचे, पुरुष पुरुषांचे. तांब्याभर पाणी ओतायचं, पंच्याने टिपायचं, मग उठून एकमेकींना जवळ घ्यायचं आणि "देवाची शांती असो" म्हणायचं. यात वजरी कुठेही नाही. शिष्यांच्या टाचा कोणी घासल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

पण सलोमीबाई समोरचीचा पाय हातात धरतात, उजेडाकडे वळवतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "हाई टाच शे का ईट?" त्या मूळच्या देवळ्याकडच्या. संतापल्या की तिकडची अहिराणी बोली बाहेर येते. मी मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करते, दिवसभर उभी असते. माझ्या टाचा कशा असणार? एकदा मी म्हणाले, "सलोमीबाई, हा विधी आहे, आंघोळ नव्हे."

"मळ ठेवून विधी कसला, मार्थाबाई? गप बसा. दुसरा पाय आणा."

नाशकात आमची घरं मोजकी, आणि गावाला आम्ही तऱ्हेवाईक वाटतो. तान्ह्या मुलाला आम्ही बाप्तिस्मा देत नाही. मोठं होऊन, समजून घ्यायचा. हत्यार धरायचं नाही, कोर्टात शपथ घ्यायची नाही, साधं राहायचं, दागिना घालायचा नाही. यातला दागिन्याचा नियम सलोमीबाईंनी आपणहून चालवायला घेतला. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांना तिच्या हातात काचेच्या बांगड्या दिसल्या. "ही किणकिण कोणाला ऐकवायची? देव बहिरा आहे का?" पोरीने भर लग्नात रडत रडत बांगड्या उतरवल्या. त्यानंतर महिनाभर मी सलोमीबाईंशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही. त्यांचं बोलणं चालूच होतं.

स्वतःचे पाय मात्र त्या कोणाला धुऊ देत नसत. भर वैशाखातही जाड काळे मोजे. "मोजे कशाला?" विचारलं तर उत्तर, "पायांना." त्यांचे पाय धुवायची वेळ आली की त्या पाणी आणायला म्हणून विहिरीकडे निघून जायच्या.

शेवटी पाळकसाहेबांनी एका रविवारी जाहीर केलं, "धुणं सोपं आहे. धुऊन घ्यायला नम्रता लागते. जो पाय धुऊन घेणार नाही, त्याला यापुढे प्रभुभोजन नाही." बोलले सगळ्यांना उद्देशून, पाहिलं सलोमीबाईंकडे. खरं सांगते, मला बरं वाटलं. पण घरी जाताना ते बोलणं खटकायला लागलं. या गावात सलोमीबाईंना नात्याचं कोणी नाही. विधवा आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. प्रभुभोजनाच्या मेजावरचा भाकरीचा तुकडा त्या दोन्ही हातांनी, डोळे मिटून घेतात. तेवढा वेळच त्या गप्प असतात. तेवढंही काढून घ्यायचं?

पुढच्या प्रभुभोजनाच्या दिवशी सलोमीबाई आल्या, वजरी न आणता, आणि माझ्यासमोर बसल्या. "तुम्हीच धुवा. तुम्हाला पाहायची सवय आहे."

काय पाहायची, ते मोजे उतरल्यावर कळलं. दोन्ही पायांत जोडवी. चांदी काळी पडून मांसात रुतलेली.

माझं डोकं तापलं. माझी भाची आठवली. आवाज दाबून मी म्हणाले, "सलोमीबाई, तुम्ही विधवा ना?"

"मी कधी म्हटलं?"

खरंच, त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. "मग नवरा कुठे आहे?"

"मनमाडला. रेल्वेत. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याने घराबाहेर काढलं. मग दुसरी केली."

"आणि त्याच्यासाठी तुम्ही अजून ही घालता?"

त्या खाली वाकल्या. "काढ्यात, अन् त्याले काही हुई गयं तर?"

मला कोणाकोणाचा राग यावा? त्या मनमाडच्या माणसाचा आला. नम्रतेवर व्याख्यान देणाऱ्या पाळकसाहेबांचा आला. आणि पोरीबाळींच्या बांगड्या उतरवून स्वतः असल्या भीतीत जगणाऱ्या या बाईचा तर सर्वांत जास्त आला. "याला विश्वास म्हणतात?" मी विचारलं.

"नाही," सलोमीबाई म्हणाल्या.

शेजारच्या बाकावरून पाळकसाहेबांच्या पत्नी, रेबेकाबाई, मान लांब करत होत्या. मी सरकून त्यांच्याकडे पाठ केली आणि पंचा सलोमीबाईंच्या गुडघ्यांवरून खाली पसरला. जोडव्यांखाली पाणी राहून कातडी चिघळली होती. एकेक जोडवं जरासं हलवून मी पंच्याच्या टोकाने खालची जागा पुसली. दुखलं असणार. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"उद्या दवाखान्यात या. मलम लावायला हवं."

"काढायला सांगाल."

"मी मलम म्हणाले."

मोजे मीच चढवले. मग आम्ही उठलो आणि रीतीप्रमाणे मी त्यांना जवळ घेतलं. आता शांतीचे शब्द बोलायचे आणि बाजूला व्हायचं. सलोमीबाई बोलल्या नाहीत. बाजूलाही झाल्या नाहीत. त्यांना कोणी जवळ घेऊन किती वर्षं झाली होती, देव जाणे. मागे बायका खोळंबल्या. रेबेकाबाईंनी घसा खाकरला.

"थांबा की जरा!" मी त्यांच्यावर खेकसले. देवाच्या घरात इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.