लाल सायकल आणि तिसरा आग्रह

बालवाडीत तीनचाकी सायकल एकच, लाल रंगाची, आणि मुलं पंधरा. वेनिंगबाईंच्या डोक्याला वर्षभर हाच ताप होता. त्यात गेंदिस नावाची साडेचार वर्षांची पोरगी चावायची. सायकल हवी असली की आधी मागायची, नाही मिळाली की चावायची. तिचा व्यवहार अगदी रोखठोक होता.

आणि गुरुवारी तपासणीचे साहेब येणार होते. बाईंची नोकरी पाच वर्षं हंगामीच होती. दरवर्षी मुख्याध्यापिका सुमार्नीबाई विचारायच्या, "यंदा कायमसाठी तुमचं नाव पाठवू?" आणि वेनिंगबाई, जावा बेटावरच्या जोग्जाकडच्या कुठल्याही घरंदाज बाईसारख्या, लाजून म्हणायच्या, "छे छे, आधी त्या दुसऱ्यांचं पाठवा." अशा दुसऱ्या चौघी कायम झाल्या. यंदा पुढे करायला कुणी उरलंच नाही, म्हणून नाव गेलं, आणि आता सगळं या साहेबांच्या सहीवर होतं.

साहेबांच्या फॉर्मवर ठळक प्रश्न होता: शिक्षिकेने न सांगता मुलं आळीपाळीने खेळतात का?

बाईंनी आठवडाभर मुलांकडून घोटून घेतलं. सायकल दिसली की धावायचं नाही. शेजाऱ्याकडे वळायचं, किंचित वाकायचं, उजवा अंगठा पुढे करायचा आणि म्हणायचं, "मोंग्गो." म्हणजे घे ना, आधी तू. त्यावर शेजाऱ्याने म्हणायचं, "नको, तूच घे." मुलं झकास शिकली. गेंदिसनेही सुरेख मोंग्गो म्हटलं आणि लगेच जत्मिका नावाच्या पोराच्या दंडाला दात लावले. तेव्हा बुधवारी बाईंनी तिच्या आईला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "उद्या हिला जरा सर्दी होऊ द्या."

गुरुवारी सायकल अंगणात रांबुतानच्या झाडाखाली धुऊनपुसून ठेवली. साहेब आले. बाटिकचा शर्ट, गोल पोट, नाव हर्यांतो. बाई ओसरीवर तोंड मिटून बसल्या, कारण आज सांगायचं नव्हतं.

"मोंग्गो," जत्मिका लारसला म्हणाला.

"नको, तूच घे," लारस म्हणाली आणि दामारकडे वळली. "मोंग्गो."

"नको, तूच घे."

चौदा मुलं वाकली, चौदा अंगठे पुढे आले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सायकलीवर एक कोंबडी येऊन बसली, तिलाही कुणीतरी मोंग्गो म्हणालं. साहेबांच्या फॉर्मवर 'किती मुलांना संधी मिळाली' या चौकटीत शून्य होतं. बाई हिजाबचं टोक चावत होत्या. त्यांना आता कळलं होतं की काय राहून गेलं. दोनदा नाही म्हणायचं ते रीत म्हणून, तिसऱ्या आग्रहाला मात्र हो म्हणायचं. हे त्यांच्या गावात कुणी कुणाला शिकवत नाही, मोठं होता होता आपोआप येतं. चार वर्षांच्या पोरांना ते अजून यायचं होतं.

शेवटी लारसला युक्ती सुचली. मान आधी मोठ्यांचा. ती साहेबांपुढे वाकली. "साहेब, मोंग्गो."

"नको गं बाळ," साहेब हसले.

"मोंग्गो," जत्मिका म्हणाला.

"नको रे."

"मोंग्गो," दामार म्हणाला.

तिसरा आग्रह! आता नाही म्हणणं म्हणजे पोराचा अपमान. साहेबांनी सुमार्नीबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहुणे आहात साहेब, मी काय बोलणार?" साहेबांनी फॉर्म खाली ठेवला आणि सायकलीवर बसले. गुडघे कानांशी गेले. सायकल करकरली, पण चालली.

पहिली फेरी त्यांनी शिष्टाचार म्हणून मारली. दुसरीला घंटी वाजवली. तिसरीला ते मोठ्याने म्हणाले, "आम्ही सात भावंडं हो! मी सहावा! माझा नंबर कधी आलाच नाही!" त्यानंतर ते थांबेनात. त्यांना उतरा म्हणणार कोण? वयाने मोठे, त्यात पाहुणे. सुमार्नीबाई झाडावरची रांबुतानची फळं मोजू लागल्या. साहेबांसाठी तळलेली केळी गार झाली. सतराव्या फेरीला फाटकाशी स्कूटर थांबली आणि मागून गेंदिस उतरली.

"घरात ऐकेचना," तिची आई कसनुशी म्हणाली.

गेंदिसने एकदाच अंगणभर पाहिलं. मग ती सायकलीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजोबा, उतरा. किती वेळ झाला! आता माझा नंबर."

वेनिंगबाईंनी डोळे मिटले. पाच वर्षं पाण्यात गेली होती.

साहेब गडबडून उतरले. "हो, हो. मोंग्गो."

गेंदिस एकदाही नको न म्हणता बसली. एक फेरी मारली, उतरली. "जत्मिका, ये."

"नको, तूच..."

"चावू?"

जत्मिका बसला. त्याच्यामागून लारस, मग दामार. अर्ध्या तासात चौदा जणांच्या फेऱ्या झाल्या आणि एकही दात लागला नाही. बाईंनी एक शब्द सांगितला नव्हता.

साहेबांनी हजेरी उघडली. "ही मुलगी आज आजारी आहे म्हणे?"

"मला कुठेय सर्दी?" गेंदिस म्हणाली. "बाईंनीच आईला सांगितलंय, हिला सर्दी होऊ द्या."

वेनिंगबाईंना वाटलं, जमीन दुभंगावी. साहेबांनी घाम पुसला, सायकलीच्या वाकलेल्या चाकाकडे पाहिलं.

"या फॉर्मवर सर्दी लिहायला जागा नाही," ते हळूच म्हणाले. "सतरा फेऱ्या लिहायलाही नाही. बरोबर ना?"

"बरोबर, साहेब."

त्यांनी सही केली आणि कागद, पेन बाईंपुढे केलं. "करा सही. आजपासून कायम."

बाईंचे डोळे आनंदाने भरून आले आणि तोंडातून आपोआप निघालं, "छे छे, मी कुठली एवढी! आधी दुसऱ्या कुणाचं..."

"अहो, घ्या."

"नको साहेब, खरंच..."

त्यांच्या कमरेशी कुणीतरी आलं. गेंदिस मान वर करून त्यांच्या मनगटाकडे बघत होती. तोंड उघडं होतं.

बाईंनी झटकन सही केली.