छाटलेला कोपरा

आपल्या धडधाकट घराचा कोपरा गवंडी लावून पाडणारा माणूस उभ्या पनवेलात मी एकच पाहिला. आमच्या शेजारचे अब्राहमकाका. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. हयातभर पोरांकडून चौकोन काढून घेतले आणि पेन्शनीत आल्यावर स्वतःच्या घराचा पंचकोन केला.

कारण म्हणाल तर कायदा. स्वातंत्र्यानंतर पुण्याकडच्या लॉऱ्या आमच्या चौकातून घुसू लागल्या होत्या, आणि चारही कोपऱ्यांवरची घरं रस्त्यात नाक खुपसून उभी. वळणामागून काय येतंय ते अंगावर आल्यावरच कळे. काकांनी नगरपालिकेचे उंबरठे झिजवले आणि नियम करवून घेतला, की चौकातलं घर कोपरा तिरका छाटूनच बांधायचं. सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजताहेत तोवर कुणीतरी हळूच शेपूट जोडलं, "फक्त नवीन बांधकामांना." चौकात नवीन बांधकाम नव्हतंच!

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःचा कोपरा पाडला. "घ्या, झालं नवीन बांधकाम."

गल्ली पोट धरून हसली. कोपऱ्यात काकूंचं स्वयंपाकघर. तिरप्या भिंतीला फडताळ काही लागेना. विटा घेऊन आलेला गाडीवान म्हणाला, "मास्तर, लॉरीवाले भोंगा वाजवतात ना! मानसाला आयकू येत नाय का?"

"कानावर भरवसा नको," काका गरजले. "दिसलं पाहिजे!"

हे त्यांचं पालुपद. चहा सांगितला तरी कप आला की म्हणायचे, "हां, आता दिसला."

त्यांच्या बायको, रिबका काकू, मात्र हाकेला ओ देत नसत. आमच्या घरानं त्यांना शिष्ट ठरवून टाकलं होतं. असले निकाल आमच्याकडे चहाबरोबरच लागतात.

एकदा मी सायकलवरून येत होतो. ब्रेक नव्हते, मी घंटीच्या जोरावर संसार केलेला माणूस. पुढे पाठमोऱ्या काकू. घंटी वाजवून अंगठा दुखला, पण काकू ढिम्म. शेवटी मी गटारात गेलो. तेव्हा त्या वळल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, "अरे, कधी आलास?"

काकांनी मला उपसून बाहेर काढलं. माझे कपडे झटकता झटकता पुटपुटले, "तिला ऐकू येत नाही रे. कुठं बोलू नकोस. लोकांना कळलं तर ती घराबाहेर पडायची नाही."

पुढे काकू गेल्या. तापानं, अंथरुणात. लॉरीखाली नव्हे, तेवढं काकांनी साधलं. त्याच वर्षी चौकातलं समोरचं घर नव्यानं बांधलं गेलं. खास परवानगी काढून, पार टोकापर्यंत. कोपऱ्यात पानाचं दुकान. मी भडकलो. "काका, नियम तुमचा! तक्रार करा."

"आता कुणासाठी?" एवढंच म्हणाले.

आम्ही बाजारात निघालो होतो. चौकाशी ते थांबले. नव्या भिंतीमागून भोंगा आला, आणि काकांचा डावा हात आडवा झाला, शेजारच्या कुणाला अडवावं तसा. लॉरी जाईपर्यंत तो तसाच राहिला.

मी त्यांच्या उजवीकडे उभा होतो.